नावडीची नोंद

माझ्या नातीला जे पुस्तक सर्वांत नकोसे झाले होते, त्याच पुस्तकात ती वर्गात पहिली आली.

केतकी तेव्हा दहावीत होती. मिरजेतल्या आमच्या घरात ती, तिची आई शुभदा आणि मी, एवढेच कायमचे रहिवासी. जावई जहाजावर असतात, वर्षातून दोनदा येतात. रविवारी दुपारी जेवायला बसलो असताना शाळेचा निरोप आला आणि शुभदाने तो मोठ्याने वाचला. 'कुंपणनगर' या कादंबरीसाठी केतकीचा तादात्म्य अंक शंभरात चौऱ्याण्णव, वर्गात सर्वाधिक, अभिनंदन.

केतकीने हातातला घास ताटात परत ठेवला.

"वाचताना मला मळमळत होतं," ती म्हणाली. "त्याचे चौऱ्याण्णव?"

शुभदाला ते लाजणे वाटले. आजोबांवर गेली आहेस, कुणी चांगलं म्हटलं की तोंड लपवायचं, असे काहीसे ती म्हणाली आणि मला भात वाढू लागली. चौऱ्याण्णव कसे पडले असतील याचा अंदाज त्या घरात फक्त मला होता. मी ताक मागितले.

'कुंपणनगर' मी पूर्वी वाचलेले होते. पाणी संपत आल्यावर एका शहराभोवती कुंपण घातले जाते. आतल्या माणसांना नावांऐवजी क्रमांक मिळतात, झोप मोजून मिळते, आणि कोण कुणाशी किती बोलले याची यादी रोज चौकात लागते. सातव्या प्रकरणात एक भाऊ आपल्या बहिणीचा क्रमांक पहारेकऱ्यांना सांगतो. शेवटी कुणीही सुटत नाही. असे एखादे पुस्तक शाळेत नेमलेले असणे नवे नव्हते. नवे हे होते की केतकीच्या वाट्याला आलेली पहिली चारही पुस्तके याच जातीची होती. शाळांसाठी पुस्तके नेमणाऱ्या वाचन परिषदेच्या यादीत या वर्गाला 'भविष्यभय' असे भारदस्त नाव होते. मुले त्याला 'भभ' म्हणत.

हे कसे झाले ते सांगायचे तर वाचनपट्टीबद्दल सांगायला हवे.

पट्टी दिसायला अगदी साधी आहे. चष्म्याच्या काडीएवढी जाड, कपाळावर बसणारी. तिच्यातले दोन बारीक कॅमेरे डोळ्यांकडे पाहत असतात आणि कानशिलाला टेकलेला धातूचा ठिपका नाडी व घाम मोजतो. वाचताना आपला डोळा ओळीवरून सरकत जातो असे आपल्याला वाटते, पण तसे नसते. तो उड्या मारतो. एका शब्दावर सेकंदाचा चौथा भाग थांबतो, सात-आठ अक्षरे ओलांडतो, पुन्हा थांबतो. काही अवघड आले की मागे वळतो. मन गुंतले की डोळ्याची बाहुली विस्फारते, पापण्यांची उघडझाप कमी होते, नाडी बदलते. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून पट्टी एक आकडा देते. तो तादात्म्य अंक. मूल पुस्तकात किती बुडाले, हे सांगणारा.

पट्टी आली तेव्हा मलाही आनंद झाला होता. मार्गदर्शके पाठ करून पुस्तकांवर उत्तरे लिहिणारी मुले मी आयुष्यभर पाहिली होती. आता निदान पुस्तक उघडावे तरी लागणार होते.

अडचण अशी की शरीराकडे बोलायला शब्द फार थोडे आहेत. आनंदाने बाहुली मोठी होते, भीतीनेही होते, आणि सतरा गुणिले तेवीस मनातल्या मनात केले तरी होते. यातले कुठले विस्फारणे कशाचे, हे यंत्राला कुणीतरी शिकवावे लागते. ज्यांनी शिकवले त्यांच्याकडून एक चूक झाली आणि यंत्र धास्तीला तल्लीनता समजू लागले. मग पुढचे सगळे आपोआप घडले. भीतीची खूण शरीरात सर्वांत ठळक उमटते. त्यामुळे भयाच्या पुस्तकांना राज्यभर सर्वाधिक अंक मिळू लागले. अंक जास्त म्हणून पुढच्या वर्षी तसली पुस्तके जास्त नेमली गेली. शिवाय प्रत्येक मुलाची एक वाचनवाट असे; ज्या पुस्तकात तो रंगला त्यासारखे पुढचे पुस्तक त्याला मिळे. म्हणजे ज्या मुलाला या गोष्टींची सर्वांत जास्त भीती, त्याच्यापुढे त्याच गोष्टींची रीघ. वाटेवर सहा पुस्तके. साठच्या वर अंक आला तरच पुस्तक वाचले असे धरले जाई आणि सहाही झाली तर मराठीचे वीस अंतर्गत गुण.

कुणीही हे ठरवून केले नव्हते. म्हणूनच थांबवायचे कुणाला सांगायचे, हे कळत नव्हते.

केतकीने आपल्या परीने धडपड केली. चौथ्या पुस्तकाच्या वेळी तिने पाढे म्हणत वाचले. आपले लक्ष पुस्तकात नाही हे पट्टीला कळावे, असा तिचा हिशेब. पाढ्यांनी बाहुली आणखी मोठी झाली आणि सत्त्याण्णव पडले. तिने ओळी गाळून पाहिल्या; पुस्तक ज्यावर वाचायचे तो पडदा तिला त्याच ओळीवर परत आणून सोडी. डोळे मिटले की पान थांबे. शांत राहायचा प्रयत्न केला तर त्या प्रयत्नानेच नाडी वाढे. पुस्तक जितके लांब ढकलावे तितके ते जवळ येत होते. हे सगळे ती मला गच्चीवर वाळलेले कपडे काढताना सांगत असे, चिमटे एकेक करून डब्यात टाकत, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे.

शेवटी शुभदा शाळेत गेली आणि मलाही घेऊन गेली. मराठी शिकवणाऱ्या भोकरे मॅडम मनाने चांगल्या बाई होत्या. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, केतकीला जवळ उभे केले. त्या म्हणाल्या की या वयात मुलांना आपली आवड कबूल करायला जड जाते, त्यात काही वावगे नाही.

"मॅडम, मला खरंच नाही आवडलं," केतकी म्हणाली.

"मग बाळा, इतकी रंगलीस कशी?"

याला केतकीकडे उत्तर नव्हते. माझ्याकडे होते. मी भिंतीवरचे वेळापत्रक वाचत राहिलो. मॅडमनी तक्रारीचा अर्ज उघडून दाखवला. कारणांच्या यादीत पट्टी सैल आहे, पट्टी टोचते, अंक अपेक्षेपेक्षा कमी आला, अशी सात कारणे होती. अंक जास्त आला असे कारण नव्हते. मॅडम जाता जाता म्हणाल्या, पूर्वी मी तासाला विचारत असे, पुस्तक कसे वाटले म्हणून. आता ते विचारायची गरज राहिली नाही. मुले पट्ट्या लावून वाचतात आणि त्या वर्गात फेऱ्या मारतात.

परतीच्या रिक्षात केतकी माझ्या शेजारी बसली होती. स्टेशनचा चौक गेला आणि तिने विचारले, "आबा, तुम्हाला कधी एखादं पुस्तक आवडलं नाही, असं झालंय?"

मी म्हणालो, "प्रत्येक पुस्तकात काहीतरी वाचण्यासारखं असतंच."

तिने माझ्याकडे पाहिले. मग ती बाहेर बघू लागली. त्या दिवसापासून पुस्तकांबद्दल ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

हे वाक्य मी खोटेपणाने म्हटले नव्हते, ते तोंडात बसलेले होते. चौतीस वर्षे मी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि त्यातली बरीचशी देवघेवीच्या खिडकीत गेली. पुस्तक हातात घेऊन सभासद विचारायचे, कसं आहे हो हे? मी म्हणायचो, वाचण्यासारखं आहे. पुस्तक फडतूस असले तरी तेच म्हणायचो. आमच्या धंद्यात पुस्तकाला नावे ठेवण्याची पद्धत नाही. आपल्या कपाटातले पुस्तक आणि आपल्या घरातले माणूस, दोघांबद्दल परक्यापुढे बोलायचे नसते. जुन्या सभासदांना मात्र बरोबर कळे. मान वर करून 'वाचण्यासारखं आहे' म्हटले की ते पुस्तक घेऊन जात, नोंदवहीत बघत म्हटले की हळूच ठेवून देत. माझी आवडनावड सगळी त्या मानेत होती.

आणि यंत्राला शिकवायला त्यांनी नेमके आम्हाला बोलावले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सर्वांत चांगले वाचक कोण, तर ग्रंथपाल, असा विचार करून परिषदेने राज्यभरातले चौसष्ट निवृत्त आणि कामावरचे ग्रंथपाल पुण्याला जमवले. एका मोठ्या दालनात आम्हाला रांगांनी बसवले, पट्ट्या चढवल्या आणि पुस्तके दिली. प्रत्येक पानाअखेर चारांपैकी एक बटण दाबायचे: कंटाळा आला, ठीक, रंगलो, ठेवून द्यावेसे वाटले. शरीर एक सांगणार, बटण त्याचा अर्थ सांगणार, आणि हजारो पानांनंतर यंत्र अर्थ ओळखायला शिकणार.

माझ्या वाट्याला 'कुंपणनगर' आले. एक्केचाळिसाव्या पानावर मला पुढे वाचवेना. मी चौथे बटण दाबले. त्याबरोबर माझ्या टेबलावरचा लहानसा दिवा लागला आणि प्रयोगाचे काम पाहणारी एक तरुण मुलगी लगबगीने आली. चौथे बटण दाबले की कारण विचारून टिपून घ्यायचे, असा नियम होता. काका, काही त्रास होतोय का, असे तिने अगदी आपुलकीने विचारले. पुढच्या दोन रांगांतल्या माना वळल्या. मी म्हणालो, चुकून दाबलं.

त्यानंतर ते बटण मी दाबले नाही. सातव्या प्रकरणात माझी छाती धडधडत होती, तळहात ओले झाले होते, त्या बहिणीला कुणीतरी हाक मारून सावध करावे असे वाटत होते, आणि पानामागून पान मी 'रंगलो' दाबत होतो.

महिन्याने परिषदेचे पत्र आले. माझा डोळा अतिशय स्थिर आहे, इतक्या स्वच्छ नोंदी फार कमी मिळतात, म्हणून माझे वाचन आधार-नोंद म्हणून निवडले आहे. ते पत्र मी हिला वाचून दाखवले होते. ती तेव्हा होती. खोटे कशाला सांगू, मला अभिमान वाटला होता.

आता मी स्वतःची समजूत घालत होतो. चौसष्टांतला मी एक. एका म्हाताऱ्याच्या बटणांनी सबंध राज्याची पोरे वेठीला धरली, असे समजणे हाही एक प्रकारचा ताठाच. मी परिषदेला पत्र लिहायला घेतले आणि फाडले. तीनदा. पहिल्यात मी फारच महत्त्वाचा वाटत होतो, दुसऱ्यात फारच बिचारा, तिसरे नुसते लांब झाले.

तेवढ्यात केतकीचे पाचवे पुस्तक आले. त्यातही शहर होते, भिंत होती आणि या खेपेला आई मुलीला विसरत होती. त्या आठवड्यात केतकी माझ्या खोलीत आली ती दोन्ही हातांत पुस्तकांची चळत घेऊन. तिच्या स्वतःच्या फळीवरची पुस्तके होती, लहानपणापासूनची. समुद्रावरची, पक्ष्यांची, तिसरीत असताना दोनदा फाटून चिकटवलेले एक.

"ही तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली.

मी कारण विचारले. तिने चळत खाली ठेवली.

"पट्टी नसली तरी मी आता मोजत बसते. इथे डोळा थांबला, इथे मागे गेला. वाचायलाच येत नाही मला. नुसतं बघता येतं स्वतःकडे."

ती गेली. मी पुस्तके फळीवर लावली, आकाराप्रमाणे, मग पुन्हा विषयाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी शुभदाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो असे सांगून मी सकाळची विजेवरची एसटी पकडली आणि पुण्याला गेलो.

तेव्हा माझ्या टेबलाशी आलेली ती मुलगी म्हणजे फरीदा मुल्ला. मूळची सांगलीची. आता ती परिषदेची प्रमुख शास्त्रज्ञ होती, केसांत पांढरे आले होते. तिने मला ओळखले. नुसते ओळखले नाही, तर दोन सहकाऱ्यांना बोलावून हेच ते हुपरीकर सर, अशी ओळख करून दिली, त्यामुळे माझे काम आणखी अवघड झाले. चहा येऊन गेला. मी हवापाण्याबद्दल बोललो. उठायची वेळ आली तेव्हा दारापाशी उभे राहून मी सांगून टाकले.

फरीदाने दार लावले आणि मला परत बसवले. तिने जुन्या नोंदी उघडल्या. माझ्या एकट्याच्या नोंदीला एकूण शिकवणीत एकवीस टक्के वजन होते, डोळा स्थिर म्हणून. मग तिने आणखी एक आकडा काढला आणि त्याकडे बघत बसली. चौसष्ट वाचक, एकोणीस हजार पाने, आणि चौथे बटण दाबले गेले होते अवघे अकरा वेळा.

"आम्हाला वाटलं, पुस्तकंच फार चांगली निवडली गेलीत," ती म्हणाली.

"ग्रंथपाल पुस्तकाला नावं ठेवत नाही, फरीदाबाई."

"हे तुम्ही कुणीतरी आम्हाला सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलं होतं. सगळ्यांसमोर."

ती कामाचे बोलू लागली. आठवणीवर भिस्त ठेवून जुनी बटणे बदलता येणार नव्हती. तेच पुस्तक, तशीच पट्टी, पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. आणि पट्टी आता कायद्यात असल्यामुळे ते परिषदेच्या पाच साक्षीदारांसमोर. चौथ्या बटणाचा नियम तोच. इतर ग्रंथपालांनाही ती बोलावणार होती, पण आधार-नोंद माझी, म्हणून सुरुवात माझ्यापासून.

मी दोन दिवस पुण्यात राहिलो. शुभदाला कळवले की डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या आहेत.

तीनशे बारा पाने. लांब टेबलाच्या पलीकडे पाच माणसे, त्यांत परिषदेचे उपसचिव गलगले नावाचे गृहस्थ, कारणे टिपण्याचे काम त्यांच्याकडे. फरीदाला आत बसायची परवानगी नव्हती. नवव्या पानावर मी चौथ्या बटणावर बोट ठेवले आणि ते काही केल्या खाली जाईना. वय झाले तरी माणूस एवढ्यातेवढ्याला किती घाबरतो. मग ते गेले. दिवा लागला, गलगले उठून आले.

"काय झालं?"

"आवडलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणालो.

"कारण?"

"भीती वाटते."

"कुंपणाची? पहारेकऱ्यांची?"

"नाही. लेखकाची," मी म्हणालो. "याने ठरवलंय की कुणालाच सोडायचं नाही. नवव्या पानावरच कळतं. मग उरलेली तीनशे पानं ही माणसं कशाला धावपळ करतात?"

गलगल्यांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते एकोणतीस वेळा उठले. दुपारी त्यांनी खुर्चीच उचलून माझ्याशेजारी आणली. दोन दिवसांत मी ते बटण एकशे त्रेचाळीस वेळा दाबले, आणि जिथे खरोखर रंगलो तिथे 'रंगलो' हेही दाबले, कारण अशीही पाने निघाली. सातवे प्रकरण संपले तेव्हा गलगल्यांनी स्वतःच पाणी मागवले, दोघांनाही.

घरी परतलो. कुणाला काही सांगितले नाही. आता सगळे ठीक होईल आणि मला सांगावेच लागणार नाही, असा बेत होता.

पाच-सहा आठवड्यांत फरीदाने उरलेल्या ग्रंथपालांना बोलावून त्यांचेही वाचन पुन्हा करून घेतले. बहुतेकांनी माझ्यासारखेच केले होते, असे तिने फोनवर सांगितले. डिसेंबरच्या अखेरीस पट्टीची शिकवणी बदलली. यंत्राला धास्ती ओळखता येऊ लागली आणि राज्यातल्या सगळ्या मुलांचे त्या वर्षीचे अंक नव्याने मोजले गेले.

निरोप शुभदानेच वाचला, याही वेळी मोठ्याने सुरुवात केली आणि मध्येच तिचा आवाज खाली गेला. 'कुंपणनगर' आठ. दुसरे पुस्तक अकरा. मग सहा, नऊ, सात. पाचही पुस्तके वाचलेली नाहीत असे धरून रद्द. केतकीची वाट पुन्हा पहिल्यापासून, सहा पुस्तके, परीक्षा मार्चमध्ये. सोबत बदलाचे कारण दिले होते आणि त्यात आधार-वाचक म्हणून माझे नाव होते.

"तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात ना, बाबा?" शुभदा म्हणाली.

मी सगळे सांगितले. वीस गुण, ती म्हणाली. तुम्हाला बारा वर्षं गप्प बसता आलं, आणखी तीन महिने बसता आलं नाही? तिचे चुकत नव्हते. मी फरीदाला फोन केला. तिचाही आवाज थकलेला होता. अंकाची मोजपट्टी एकच, शून्यापासून शंभरापर्यंत, ती म्हणाली. धास्ती वरून काढल्यावर कुठेतरी ठेवायला हवी होती, परिषदेने ती खाली ढकलली. न आवडलेले आणि न वाचलेले आता एकाच जागी. मी विचारले, वाचलं पण आवडलं नाही, असा वेगळा रकाना करता येणार नाही का? तिने तीन बैठकांत तेच मागितले होते. रकाना काय म्हणून वाढवायचा, हे तिला कुणाला पटवता आले नव्हते.

म्हणजे मी केतकीला एका कुंपणातून काढून दुसऱ्यात घातले होते. आता तिला पुस्तके आवडावीच लागणार होती.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. हातात पडदा, त्यावर तो निरोप. मी खुर्चीतून उठलो, का ते माहीत नाही. मी म्हणालो की माझ्यामुळे तिचे वर्ष अडचणीत आले. आधीही माझ्यामुळेच आले होते. पहिल्याच दिवशी, ताक मागितले तेव्हाच, मला सांगता आले असते.

"आठ," ती म्हणाली. "बरोबर आहेत. मी चार दिले असते."

ती पलंगावर मांडी घालून बसली.

"तुम्ही पाच माणसांसमोर म्हणालात, आवडलं नाही म्हणून?"

"एकशे त्रेचाळीस वेळा."

तिला हसू आले. मग ते गेले आणि तिने विचारले, का नाही आवडलं. चौतीस वर्षांत खिडकीच्या त्या बाजूने मला हे कुणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तर मी नोंदवहीत पाहिले असते. मी लेखकाबद्दलचे ते सांगितले, जे गलगल्यांना सांगितले होते. तिने मान हलवली, पण तिचे वेगळे होते.

"त्या शहरात कुणी कुणाची थट्टा करत नाही," ती म्हणाली. "तीनशे पानं, आबा. एक माणूस नाही जो पहारेकऱ्याला नाव पाडतो. आमच्या वर्गात भविष्यभय आलं तर दोन दिवसांत त्याचं भभ झालं. तो लेखक कधी माणसांत राहिला होता का?"

हे मला सुचले नव्हते. मी तसे म्हणालो. मग तिने पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. कुंपण घालणारे लोक कोण, ते जेवतात कुठे, हे कुठेच येत नाही. डॉक्टरची बायको उगाच मारली आहे. चौकातल्या यादीचा भाग चांगला आहे, पण तो चांगला आहे हे कळल्यावर लेखकाने तो चारदा वापरला आहे. पुस्तकातला शब्द न् शब्द तिला पाठ होता, तिने हट्टाने, रागाने वाचला होता. न वाचलेले म्हणून रद्द झालेले ते पुस्तक तिच्याइतके कुणी वाचले नसेल.

सातव्या प्रकरणापाशी आमचे वाजले. तिचे म्हणणे, भाऊ बहिणीचा क्रमांक सांगतो ते लेखकाला हवे होते म्हणून, त्या मुलाला नको होते. आधीच्या पानावर तो तिच्यासाठी अर्धी भाकरी लपवतो, तो असे करणारच नाही. मी म्हणालो, घाबरलेला माणूस करतो. लपवलेली भाकरी खिशात असतानाही करतो. नजरा वळल्या की भलतेच बटण दाबतो.

"ते तुमचं झालं," ती म्हणाली. "त्याचं पुस्तकात लिहिलेलं नाही."

"लिहायला हवं होतं."

"मग तेच तर म्हणतेय मी."

स्वयंपाकघरातून शुभदाची हाक आली. नवी यादी आली होती, सहाही पुस्तके गोड दिसत होती, पट्टी चार्ज करून ठेवली होती, आजच सुरुवात केली तर मार्चपर्यंत कदाचित होईल. तिच्या आवाजात राग कमी आणि घाई जास्त होती.

केतकी उठली नाही. तिने पाय आणखी वर घेतले आणि माझी उशी पाठीशी ओढली.

"आई, थांब जरा," ती ओरडून म्हणाली. "आमचं अजून सातवं प्रकरण चाललंय."